सोमू, गोमू आणि सारवण

ससा हा पाळायला सगळ्यांत सोपा प्राणी, असं गुरुदास मास्तरांचं ठाम मत होतं, आणि अठ्ठावन्न सालच्या मे महिन्यात ते त्यांनी वाडीतल्या झाडून सगळ्यांना ऐकवलं होतं. मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवत. त्यामुळे आपलं मत हे नुसतं मत नसून त्यामागे पुस्तक उभं असतं, असं निदान त्यांना तरी वाटे. ससा भुंकत नाही, शिंग मारत नाही, शेजाऱ्याच्या भाजीत शिरून भांडणं लावत नाही. समोर ठेवलेलं खातो आणि गप्प बसतो. इतके गुण अकरा वर्षांच्या नोकरीत त्यांना एकाही विद्यार्थ्यात एकत्र सापडले नव्हते.

हे दोन पांढरे ससे त्यांच्याकडे आले थोरल्या भावामुळे. जयराम मुंबईला गोदीत कारकून होता. त्यानं आपल्या सात वर्षांच्या सरलेला ससे घेऊन दिले आणि पंधरा दिवसांत चाळीच्या मालकाचा निरोप आला, की खोलीत एक तर ससे राहतील नाही तर भाडेकरू. तेव्हा मे महिन्याच्या बोटीनं करंडीत बसून सोमू आणि गोमू गावी आल्या. दोघी सख्ख्या बहिणी असल्याचं विकणाऱ्यानं शपथेवर सांगितलं होतं, आणि सगळ्या वाडीची निराशा करत ते शेवटपर्यंत खरं ठरलं.

सुट्टी संपून मुंबईची मंडळी बोटीवर चढायला निघाली तेव्हा सरला मास्तरांच्या धोतराला धरून धक्क्यावर उभी राहिली.

"काका, मी चवथीक येतंय. तवसर दोघांकय जपशीत मां?"

"ह्यां काय इचारूचा झाला? आसत त्याच्यापेक्षा गुबगुबीत करून तुझ्या हातात दितंय," मास्तर म्हणाले.

मास्तरांचा आवाज वर्गात बोलून बोलून मोठा झालेला होता. धक्क्यावरच्या चाळीसेक माणसांनी हे वचन ऐकलं, आणि त्यातली निम्मी त्यांच्याच वाडीची होती.

सुभद्राबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीनं, पहिल्याच दिवशी हद्द आखून दिली होती. घरात देव आहेत, पावसाळ्याची सुकी मासळी आहे, आणि आता आणखी कोणी उंबऱ्याच्या आत येणार नाही. म्हणून सशांचं बिऱ्हाड बाहेर, अंगणातल्या खळ्याच्या कडेला, गोठ्याच्या वळचणीखाली मांडलं गेलं. परशुराम सुताराकडून मास्तरांनी फणसाच्या फळ्यांचं भक्कम खुराडं करून घेतलं, पुढे जाळी, वर मातीच्या नळ्यांचं छप्पर. पण मास्तरांचा खरा अभिमान होता तो जमिनीचा. तळाच्या फळ्यांवर त्यांनी मातीचा थर घालून घेतला आणि त्यावर शेणाचं सारवण सुरू केलं. रोज सकाळी, शाळेत जायच्या आधी.

सुभद्राबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, की पावसात बाहेरचं सारवण सुकत नाही, म्हणून तर आषाढात कोणी खळं सारवत नाही. मास्तरांनी त्यांना शेणाचे जंतुनाशक गुण समजावून सांगितले. सुभद्राबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले.

"मगे तुमीच सारवा," त्या म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या.

मास्तरांनी सारवलं. धोतर खोचून, गुडघ्यावर बसून, हात खुराड्यात खांद्यापर्यंत घालून. वाडीत पुरुषानं सारवण्याची चाल नव्हती, त्यामुळे विहिरीवर जाणाऱ्या बायका कळशा कमरेवर घेऊन थांबू लागल्या. शेजारच्या काशीबाईंनी कोपरे राहिल्याचं दाखवून दिलं. मास्तरांनी मनाला लावून घेतलं आणि आठ दिवसांत हाताला असं वळण लावलं, की बोटांचे अर्धगोल एकाला एक लागून उमटत. काशीबाई आपल्या सुनेला ते दाखवायला घेऊन आल्या. सुनेनं मास्तरांकडे जे बघितलं, त्यात कौतुक फारसं नव्हतं.

आषाढ निम्मा झाला आणि सोमू शिंकली. सशाची शिंक लहान असते, आणि पहिल्या वेळी मास्तरांनी ती सरळ नाकारली. पुस्तकात सशाच्या कानांवर, दातांवर, मागच्या पायांवर मजकूर होता. शिंकेवर ओळ नव्हती. पण सोमू पुस्तकाला न विचारता दिवसभर शिंकत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी गोमूही तिच्यात सामील झाली. मास्तरांनी मुंबईला कार्ड टाकलं. दोघी मजेत आहेत, असं त्यात लिहिलं. पत्रात मुलांना काळजीत घालू नये, असं ते स्वतःला म्हणाले. पण कार्ड पेटीत पडल्याचा आवाज त्यांना बरा वाटला नाही.

सात मुलं वाढवलेल्या काशीबाईंना सर्दी कळत होती. त्यांनी लसणीच्या साली आणि ओवा निखाऱ्यावर टाकून खुराड्याला धुरी दिली. ससे शिंकले, मास्तर शिंकले, गोठ्यातली म्हैस खोकू लागली आणि त्या संध्याकाळी तिनं दूध चोरलं. सुभद्राबाईंनी मास्तरांना चहा कोरा दिला.

मग वाडीतले दाजी आले. दाजी तीस वर्षं गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते आणि जमिनीवरचे बहुतेक आजार वाऱ्याच्या दिशेवरून ओळखत. त्यांनी ओलं बोट हवेत धरलं, डोळे मिटले आणि निदान सांगितलं.

"मास्तरानु, ह्यो वारो खालचो. बंदोबस्त होवक व्हयो," असं म्हणून ते घरी गेले आणि शिडाचं जुनं कापड घेऊन आले.

तासाभरात खुराडं चारी बाजूंनी बांधून झालं. दाजींनी दोरीच्या अशा गाठी मारल्या की खुराडं वादळात आफ्रिकेला पोचलं असतं तरी कापड सुटलं नसतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं दाजी लेकीकडे आरोंद्याला गेले, आणि त्या गाठी कशा सोडवायच्या हे ज्ञानही त्यांच्याबरोबर गेलं. मास्तर दोरीशी झगडत राहिले. शाळेची पहिली घंटा झाली, दुसरी झाली. शेवटी विळीनं कापड फाडलं तेव्हा आतून असा वास आला की मास्तर चार पावलं मागे सरले. सशांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मास्तर शाळेत तासभर उशिरा पोचले. हेडमास्तरांनी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी मान खाली घालून घरात आजार असल्याचं सांगितलं. मधल्या सुट्टीत सगळ्या मास्तरांनी सुभद्राबाईंच्या प्रकृतीची चौकशी केली, आणि ड्रॉइंगच्या मास्तरांनी तर संध्याकाळी घरी मोसंबी आणून दिली. ती सुभद्राबाईंनी ठणठणीत प्रकृतीनं दारात उभ्या राहून घेतली.

तरीही मास्तरांचा धीर सुटला नव्हता. सारवण त्यांनी दिवसातून दोनदा सुरू केलं. आजारी जिवाला स्वच्छता जास्त लागते, हे उघड होतं.

काशीबाईंना सशांची दया आली. त्यांनी बांधावरचं कोवळं, पाण्यानं थबथबलेलं गवत टोपलीभर कापून आणलं आणि मास्तर शाळेत असताना सगळं आत लोटलं. संध्याकाळी गोमूचं पोट ढोलासारखं फुगलेलं. तान्ह्या पोराचं पोट फुगलं तर हिंग उगाळून बेंबीभोवती लावतात, हे काशीबाईंना माहीत होतं. प्रश्न बेंबीचा होता. काशीबाई म्हणाल्या, सशाला बेंबी नसणार. मास्तरांनी त्यांना सांगितलं, की सस्तन प्राण्याला बेंबी असतेच, शास्त्रात त्याला अपवाद नाही. मग काशीबाई, मास्तर आणि शेवटी न राहवून सुभद्राबाई अशा तिघांनी गोमूला पाटावर उताणी धरून केसांत बेंबी शोधली. शास्त्र खरं असेल, पण ते सापडलं नाही. अखेर काशीबाईंनी हिंग सगळ्या पोटाला फासला. गोमूची फुगी दुसऱ्या दिवशी उतरली, ती हिंगानं की उपासानं हे कोणी सांगू शकलं नाही.

पण ती पुन्हा नीट खाईना. श्रावण लागला तसे दोघींच्या मागच्या पायांच्या तळव्यांचे केस झडले आणि खालची कातडी लाल दिसू लागली. गोमू कोपऱ्यात अंग चोरून बसू लागली, कधी हा पाय उचलून, कधी तो. आणि अशात सरलेचं कार्ड आलं. वाकड्यातिकड्या अक्षरात तिनं विचारलं होतं, की गोमू आता केवढी झाली, आणि चवथीला तिला हार घातला तर ती तो खाईल का.

मास्तरांनी ते कार्ड दोनदा वाचलं. आता मात्र ते घाबरले. चाळीस माणसांपुढे दिलेल्या शब्दाचं त्यांना तितकं वाटलं नाही, जितकं त्या हाराचं वाटलं. आपण 'मजेत, मजेत' म्हणून जी तीन कार्डं धाडली, ती त्या पोरीनं खरी मानून जपून ठेवली असतील, हे मनात आलं आणि त्यांना जेवण गेलं नाही. त्यांनी शाळेत रजेचा अर्ज दिला आणि तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात जायचं ठरवलं.

सर्व्हिस गाडीच्या कंडक्टरनं करंडीत डोकावून बघितलं आणि विचारात पडला. त्याच्या नियमात कोंबडीला तिकीट होतं, शेरडाला टप होता, आणि कुत्र्याला बंदी होती. ससा कुठेच नव्हता. त्यानं दोन कोंबड्यांची तिकिटं फाडायला घेतली. मास्तरांनी त्याला थांबवलं आणि हा पक्षी नसून सस्तन प्राणी असल्याचं समजावलं. कंडक्टर समजूतदार होता. त्यानं विचारलं, सस्तन म्हणजे शेरडासारखाच ना? मग करंडी टपावर चढवा. टपावर श्रावणाची सर कोसळत होती. मास्तरांनी एकदा टपाकडे पाहिलं, एकदा गोमूकडे पाहिलं.

"कोंबडे आसत," ते हळूच म्हणाले. "दोन."

वटवाघूळ हा पक्षी आहे असं लिहिल्याबद्दल मास्तरांनी एके काळी ज्याला नापास केलं होतं, तो बाबली नेमका मागच्या बाकावर बसला होता. गाडी तालुक्याला पोचेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला, आणि त्याचे खांदे अधूनमधून हलत होते.

दवाखान्यात कंपाउंडर हरिश्चंद्र कागद भरायला बसला. त्याच्या छापील कागदावर बैल, गाय, म्हैस, शेळी एवढीच सृष्टी होती, आणि कागद पुरा झाल्याशिवाय जनावर आत जात नव्हतं. मास्तरांनी वाद घातला नाही. गाडीत त्यांचा वाद घालून झाला होता. हरिश्चंद्रानं दोघींची नोंद 'शेळी, लहान' अशी केली. पुढचा रकाना शिंगांच्या वर्णनाचा होता. तो रिकामा ठेवता येत नाही, असं हरिश्चंद्र म्हणाला, आणि बराच विचार करून त्यानं लिहिलं, 'अद्याप नाहीत.' खाली मास्तरांची बी.एस्सी. अशी पदवीसह सही घेतली.

डॉक्टर घाटावरचे होते, शांत माणूस. त्यांनी गोमूला टेबलावर घेतलं, तळवे पाहिले, नाक पाहिलं, पोट चाचपलं.

"यांच्या खुराड्याची जमीन कशी आहे?" त्यांनी विचारलं.

मास्तरांना दोन महिन्यांत पहिल्यांदाच कोणी नेमका प्रश्न विचारला होता. ते खुर्चीत सरसावून बसले.

"मातीची आहे. शेणानं सारवतो. मी स्वतः."

"किती दिवसांनी?"

"रोज. आजारी पडल्यापासून दिवसातून दोनदा."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मास्तर, मग ती जमीन सुकते कधी?"

बाहेर पाऊस पडत होता. राहती जागा कोरडी, हवेशीर आणि उजेडाची असावी, हे वाक्य मास्तर दर वर्षी आठवीच्या मुलांना वहीत लिहायला लावत, आणि ज्याचं एखादं विशेषण राही त्याला उभं करत. डॉक्टरांनी पुढे जे सांगितलं ते त्यांनी निमूट ऐकलं. ससा थंडी सोसतो, ओल सोसत नाही. जमीन काढून टाका आणि फटी ठेवून पट्ट्या बसवा, म्हणजे मूत खाली निथळेल. खुराडं कमरेएवढं उचला. पाऊस येतो ती बाजू बंद करा आणि तिच्या समोरची उघडी ठेवा. कोंडलेल्या हवेनं डोळे आणि नाक जातात. ओलं गवत पसरून सुकवल्याशिवाय तोंडाला लावू नका. रोज कोरडा पेंढा घाला. तळव्यांना लावायला त्यांनी एक मलम दिलं. गोमूचं काय, असं मास्तरांनी विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की आठ दिवसांत खाऊ लागली तर वाचली.

घरी आल्यावर मास्तरांनी पडवीत उभं राहून सुभद्राबाईंना हा नवा शोध सविस्तर सांगितला. सारवण पावसात सुकत नाही आणि ओल राहते, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे, हे सांगताना त्यांची नजर तुळशीकडे होती.

सुभद्राबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"डॉक्टर हुशार दिसता," त्या म्हणाल्या.

एवढंच. पण मास्तरांना वाटलं, की यापेक्षा चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी त्यांनी आपल्या हातानं दोन महिन्यांचं सारवण खरवडून काढलं. आतली माती चिखलासारखी निघाली. परशुरामानं पोफळीच्या पट्ट्या तासून तळाला बसवल्या, खुराडं चार खांबांवर चढलं, आणि पावसाच्या बाजूला माडाच्या चुडतांची विणलेली झडी, म्हणजे झावळ्यांचा आडोसा, बसली. राहता राहिला कोरडा पेंढा. श्रावणात कोरडं असं काही नसतं, मीठसुद्धा पाघळतं. तेव्हा सुभद्राबाई आपणहून उठल्या. बाळंतिणीच्या घरी दुपटी वाळवतात तशी त्यांनी निखाऱ्यांवर मोठी टोपली उपडी घातली आणि तिच्यावर मूठ-मूठ पेंढा पसरला. उंबऱ्याच्या आत, चुलीच्या शेजारी. हद्द कोणी ओलांडली, याबद्दल मास्तरांनी विचारलं नाही.

गवत पडवीतल्या दोरीवर, धोतरांच्या शेजारी वाळू लागलं. मास्तरांच्या सदऱ्याला वर्गात गवताचा वास येई. रोज शाळेतून आले की ते चपला काढायच्या आधी गोमूच्या पुढ्यातलं गवत किती कमी झालं ते बघत. पाच दिवस ते कमी झालं नाही. सहाव्या दिवशी दोन काड्या कमी होत्या. मास्तरांनी त्या पुन्हा पुन्हा शोधल्या, कुठे पडलेल्या नव्हत्या. ते चपला घालूनच स्वयंपाकघरापर्यंत सांगत गेले, आणि सुभद्राबाईंनी चपलांकडे कानाडोळा केला.

चवथीच्या आदल्या दिवशी जयराम, वहिनी आणि सरला घाटमार्गे येऊन पोचली. सरला भिजलेल्या कपड्यांनीच खळ्यात धावली. सोमू-गोमू दोघी जाळीपाशी आल्या, टुणटुणीत, अंगानं मे महिन्यापेक्षा नक्कीच भरलेल्या. पोर इतकी हसली की काशीबाई, दाजी आणि आणखी चार जण बघायला आले. वारा अडवण्याची कल्पना आपली होती असं दाजींनी सांगितलं, आणि काशीबाई सरलेला गोमूच्या फुगलेल्या पोटाबद्दल आणि हिंगाबद्दल सांगत बसल्या. मास्तरांनी दोघांनाही बोलू दिलं. त्या दिवशी त्यांना कोणाशी वाद घालायचा नव्हता.

पाचव्या दिवशी गणपती पोचवून झाल्यावर जेवताना जयराम म्हणाला, की आता गोदीचं क्वार्टर मिळालं आहे, तळमजल्याला, तेव्हा ससे उद्या बरोबर नेऊ. गुरुदासाला पावसाळाभर पुष्कळ त्रास झाला.

चवथ होऊ दे, करंडी ज्याची त्याच्या हातात देतो आणि मोकळा होतो, असं मास्तर गेले तीन महिने सगळ्यांना सांगत होते. आता मात्र सोमू-गोमू जाऊ नयेत, असं त्यांना फार वाटलं. पण ससे पोरीचे होते, आणि दिलेला शब्द त्या परत करण्याचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः करंडीत पेंढा घातला, दोघींना आत ठेवलं, झाकण बांधलं आणि सरलेला समोर बसवून नियम सांगायला घेतले. जमिनीला पाणी लागता कामा नये. वारा समोरून हवा, पण अंगावर नको. गवत निखाऱ्यावर नाही, दोरीवर सुकवायचं. पेंढा रोज बदलायचा आणि तो हातात घेऊन गालाला लावून बघायचा, थंड लागला तर ओला. हे पहिले पाच-सहा नियम सरळ मनानं सांगितलेले होते. पुढच्या पंधरा नियमांबद्दल शपथ घेता येणार नाही. सरला बोटं मोजत होती. दोन्ही हातांची संपली तशी तिनं जयरामाकडे बघितलं.

"बाबा, आपल्या नव्या खोलयेत लादी सुकी आसता?"

"मोरी शेजाराक आसा," जयराम म्हणाला. "थोडी ओल येता."

"आणि वारो?"

जयरामानं उचललेली करंडी खाली ठेवली. सरला तिच्याजवळ उकिडवी बसली आणि तिनं फटीतून आत बोट घातलं. तिचे डोळे भरले होते.

"काका, ती हंयच रवांदेत," ती म्हणाली. "मी मे म्हयन्यात येतंय. तू माका कार्ड घाल. खरां खरां घाल."

मास्तरांनी मान हलवली, धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं आणि आता एवढं म्हणते तर सांभाळावं लागेल, पण त्रास फार आहे, असं काहीतरी जयरामाला सांगायला लागले. ते वाक्य मध्येच तुटलं.

सुभद्राबाई दारात उभ्या होत्या.

"रडाचा तर मगे रडा," त्या म्हणाल्या. "आदी करंडी उघडा. ती भुतूर उकडतत."